पंख्याचं वारं लागत नाही

८ मार्च १९९९, सोमवार

गाडी घेतली. मारुती, शहाऐंशीची, पांढरी. दोन मालकांच्या हातून उतरलेली आहे, पण पत्रा ठणठणीत. बायडाबाईने ओवाळलं आणि ओवाळता ओवाळता सगळ्या गल्लीसमोर विचारलं, "अवं, पण ही तुमास्नी चालवाय येती का?" तरुणपणी उसाने भरलेला ट्रॅक्टर कारखान्यावर नेणाऱ्या माणसाला हा प्रश्न. बायकोला नवऱ्याची एवढीच किंमत.

आता बाजाराला जाताना टेम्पोच्या हौद्यात म्हशींच्या शेपट्यांचे फटके खायला नकोत. वडगाव, मलकापूर, नेसरी, सगळे बाजार गाडीतून करायचे. म्हशींची दलाली करतो म्हणून जन्मभर शेणातच उभं राहायचं असं कुठे लिहिलंय? भरमाप्पालाही बरोबर घेणार. तो नेसरीकडचा, पण बाजाराच्या आदल्या दिवशी उचगावात लेकीकडे मुक्कामाला असतो. मी विकणाऱ्याकडून उभा राहतो, तो घेणाऱ्याकडून. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा, खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा, जमलं की टॉवेल खांद्यावर. खेटून उभ्या असलेल्या माणसालाही भाव कळत नाही. तोंडाने भाव बोलणाऱ्याला बाजारात कुणी दलाल म्हणत नाही. आमची दोघांची बोटं एकमेकांना इतकी ठाऊक आहेत की आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही.

१२ मार्च

गाडीने पहिल्याच फेरीत गुण दाखवले. मलकापूरच्या बाजारातून येताना इंजिनाची गरमी दाखवणाऱ्या काट्याकडे माझं लक्ष नव्हतं, भरमाप्पाचं गेलं. "पिराजी, त्यो काटा लालात गेलाय न्हवं?" म्हणाला, आणि तेवढ्यात बॉनेटमधून वाफ. मी इतका दचकलो की गाडी सरळ ऊस भरलेल्या गाडीमागे नेऊन उभी केली. रस्त्याच्या कडेला आम्ही दोघं सटवाईने झपाटल्यासारखे बसून होतो. तासाभराने पाणी घालून निघालो.

भरमाप्पा म्हणाला, "यप्पा, म्हशीला ताप आला तर कान गार पडत्यात. हिचं काय बगायचं?" मी म्हणालो पंखा बघायचा. पंखा बिघडलाय, दुसरं काही नाही.

१७ मार्च

उचगाव फाट्यावर संगमेशचं गॅरेज आहे. पोरगा तिशीतला, बोलायला गोड. त्याने रेडिएटरच्या जाळीतून उसाच्या पाचटीचा एवढा गठ्ठा काढला की वैरणीला झाला असता. मग म्हणाला पंख्याची अर्थिंगची वायर गंजली होती, म्हणून पंखा जोरात फिरत नव्हता. वायर घासून परत बसवली. बटण न लावता आपोआप पंखा फिरू लागला.

मी हात आत घालून पंख्यामागे धरला. वारं कुठाय?

"येतंय की वारं, अण्णा. चांगलं भरभरून येतंय."

मला काही लागलं नाही. जराशी हुळहुळ. पंखा फिरतो दिसायला, पण त्यात दम नाही. आमच्या धंद्यात असली जनावरं असतात, चारा दाबून खातात आणि धार काढायला बसलं की तांब्याचा तळ झाकत नाही. संगमेशला तसं सांगितलं तर हसला. माझ्यासारख्या गिऱ्हाईकाला तोंडावर हसतो हे बघून मी थक्क झालो.

२२ मार्च, सोमवार

वडगावचा बाजार. काटा जाताना-येताना मध्यावर होता. तरी मी दोनदा गाडी थांबवून बॉनेट उघडलं आणि हात धरून बघितला. वारं नाही. भरमाप्पाने हात घातला आणि म्हणाला, "टोपी उडंल इतकं हाय की." भरमाप्पाचंही वय झालं. आज टॉवेलखाली त्याची बोटं अशी लागली की दाबतोय की मुंग्या सोडतोय कळेना. पूर्वी दाबायचा तर नख उठायचं. मी त्याला तसं म्हणालो नाही. दोस्ताच्या म्हातारपणाला नावं ठेवू नयेत.

परत येताना बघतो तर उजव्या पायात चप्पल नाही. बाजारात एकच चप्पल चोरणारा चोर मी जन्मात पहिल्यांदा बघितला. बायडाबाई म्हणते, "निसटली आसंल." पायातली चप्पल निसटली तर माणसाला कळत नाही होय?

२७ मार्च

परत गॅरेज. संगमेशला म्हणालो मोटरच बदल. तो म्हणत होता, "अण्णा, मोटर चांगली हाय, कशापायी बदलताय?" पण मी ऐकलं नाही. शेवटी त्याने दुसऱ्या एका जुन्या गाडीची चांगली मोटर काढून घातली. त्याने वर्तमानपत्राचं पान रेडिएटरच्या पुढे धरलं आणि सोडलं. पान जाळीला चिकटून राहिलं. "बगा. वडतोय का न्हाय पंखा?"

कागद काय, फुंकरीने पण चिकटतो. मी हात घातला. काही नाही. नवीन मोटर आणि तीही तशीच. आता माझी खात्री झाली की हा पोरगा एकच मोटर काढून परत बसवतो आणि मला वेड्यात काढतो. इतका सज्जन चेहरा आणि असं वागणं.

२ एप्रिल

उन्हाळा यंदा माणसं मारणार. तांब्यामागून तांब्या पाणी पितो तरी घसा कोरडा. रात्री मोरीकडे चकरा मारून झोप मोडते ती निराळीच. मोरीत मुंग्या झाल्यात, बायडाबाईने दोनदा फिनेल टाकलं. विजार सैल झाली. गाडीच्या काळजीने माणूस वाळतो ते खोटं नाही.

आज चहावरून भांडण झालं. ती चहा गारच आणून देते. ग्लास धरला तर हाताला काही ऊब नाही, आणि तोंडाला लावला तर जीभ भाजते. "गारबी म्हनताय आन् भाजलंबी म्हनताय, म्या करू तरी काय?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून गेलो. शर्टाची काजं पण हल्ली लहान करतात, गुंडी लावायला दोन माणसं लागावीत.

५ एप्रिल, सोमवार

काय लिहू.

वडगावच्या बाजारात भरमाप्पाने मला फसवलं. भरमाप्पाने.

खुपिरे गावची म्हैस होती, दुसऱ्या वेताची, देखणी. मी विकणाऱ्याकडून, तो संकेश्वरच्या गिऱ्हाइकाकडून. दहा हजारांच्या वरचा आकडा बोटांनी चालला होता. टॉवेलखाली त्याने बोटं दाबली. चार. मी मालकाला चौदा सांगितले, त्याने मान हलवली, म्हशीच्या कपाळाला भंडारा लावला. पैसे मोजायच्या वेळेला तेरा निघाले. मालक बोंबलायला लागला. मी भरमाप्पाकडे बघितलं. त्याचं तोंड पांढरंफटक.

"पिराजी, तीन दाबलीती म्या. तीन."

"चार हुती."

"हाताला हात लावून सांगितलंय. तीन."

अख्खा बाजार गोळा झाला. मी त्याला नको ते बोललो. लबाड म्हणालो, कानडी कावेबाज म्हणालो. आमच्या सगळ्या दोस्तीत आम्ही कधी एकमेकांचं बोट अमान्य केलं नव्हतं. वरचे हजार मी माझ्या खिशातून मालकाला दिले, कारण दलालाचा शब्द गेला की दलाल गेला. चार बोटं नसती तर मी चार कशी समजलो असतो? भरमाप्पा गाडीत बसला नाही. टेम्पोत म्हशीशेजारी उभा राहून गेला. मी वळून बघितलं नाही.

जेवण गेलं नाही. एवढा धक्का मला बाप गेला तेव्हाही बसला नव्हता.

१२ एप्रिल

बाजारात एकटा गेलो. घेणाऱ्यांचे दुसरे दलाल माझ्यापुढे हात करताना बिचकतात. एकाने टॉवेलखाली बोटं दाबली, मी विचारलं किती, तर तो खो-खो हसला. "पिराजीअण्णा, मग टावेल कशाला?" सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला त्याची बोटं नीट कळलीच नव्हती. सगळ्यांचेच हात ढिले पडले आहेत. एका माणसाचं म्हातारपण समजू शकतो, अख्ख्या बाजाराचं कसं समजायचं?

दलाली एक पण नाही. चार बाजार असेच गेले तर लोक माझ्याकडे म्हैस आणायचे नाहीत. दलालाचं दुकान म्हणजे त्याचा हात. मला दुसरं काही येत नाही.

१५ एप्रिल

डाव्या हाताने लिहितोय, दवाखान्यातल्या खाटेवर. वही बायडाबाईने आणून दिली. अक्षर लागलं नाही तर मलाच लागणार नाही.

दुपारी संगमेशकडे गेलो. भांडायचं ठरवूनच गेलो होतो. त्याला म्हणालो, आज पंखा माझ्या हाताला लागल्याशिवाय मी हलणार नाही. त्याने गाडी चालू ठेवली, तापू दिली, पंखा फिरायला लागला. मी उजवा हात आत घातला. वारं नाही. आणखी आत घातला. संगमेश म्हणत होता, "अण्णा, लई आत घालू नका." मी ऐकतोय कुठला. हात तसाच धरून मी त्याला ऐकवायला लागलो. त्याच्या धंद्याचं, गोड बोलण्याचं, दोन-दोन मोटरींचं, सगळं काढलं.

तेवढ्यात वास आला. जळका. मी म्हणालो, "बघ, तुझी वायर जळाली."

संगमेशने वाकून बघितलं आणि किंचाळला. "अण्णा, हात! तुमचा हात जळालाय!"

त्याने माझा दंड धरून ओढला. हाताची पाठ तापलेल्या धुराच्या नळ्यावर टेकलेली होती. कातडं नळ्यावर राहिलं. मी बघत होतो. दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसा बघत होतो. दुखत नव्हतं. गॅरेजातला एक जण म्हणाला, "पैलवान गडी, डोळ्यात पानी न्हाय." संगमेशने मात्र मला लगेच त्याच्या स्कूटरवरून शहरात राजारामपुरीत दवाखान्यात नेलं.

मला अजून समजत नाही. भाजलं तर दुखतं. लहान पोराला पण ठाऊक आहे.

१६ एप्रिल

दवाखान्यात ठेवून घेतलं होतं, आज दुपारी सोडलं. रक्त तपासलं. साखर इतकी निघाली की डॉक्टरांनी परत रक्त घेतलं. तेवढीच निघाली. डॉक्टर म्हणाले ही आजची नाही, चार-पाच वर्षांची असेल, साखरेने नसा मरतात, आधी पायाच्या, मग हाताच्या.

मी म्हणालो माझ्या हातांना काही झालेलं नाही. हातावर माझं पोट आहे.

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले. "बोटाला टाचणी टोचतो. टोचलं की हूं म्हणा."

मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ झाला. माझा मुलगा सम्राट आणि बायडाबाई शेजारीच उभे होते. शेवटी मी म्हणालो, "करा की सुरू."

"झालं टोचून," डॉक्टर म्हणाले.

मी डोळे उघडले. बोटांच्या पेरांवर रक्ताचे बारीक थेंब होते. डाव्या हाताच्या पण. बायडाबाई पदर तोंडात कोंबून उभी होती. मग डॉक्टरांनी पाय बघितला आणि चिमट्याने टाचेतून बाभळीचा काटा काढला. भला मोठा, काळा पडलेला. कधीचा होता कुणास ठाऊक. मी त्याच्यावर चालत होतो.

डॉक्टर म्हणाले वेळेवर आलात, नाही तर पाय गेला असता. वेळेवर म्हणे. मी आलो होतो तो मारुतीच्या पंख्याचं भांडण करायला.

१८ एप्रिल

सकाळी अंथरुणात बसून बायडाबाईला टॉवेल आणायला लावला. डाव्या हातावर टाकला आणि म्हणालो, "बोटं दाब. पाचातली कितीबी."

"कशाला आता नसतं उगाच?"

"दाब म्हनतो न्हवं."

तिने हात खाली घातला. मी जीव एकवटून बसलो. कुठे तरी दूर काही तरी आहे असं वाटलं, भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसं. "चार," मी म्हणालो.

मी टॉवेल ओढला. तिने माझी तीन बोटं धरली होती.

तीन.

मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. भरमाप्पाला मी भरबाजारात लबाड म्हणालो होतो. त्याला, संगमेशला, बायडाबाईच्या चहाला, सगळ्यांना. पंखा पहिल्या दिवसापासून फिरत होता. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटते. हाताचं जळकं कातडं भरून येईल, डॉक्टर म्हणाले. आतलं येईल का विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही. बाजारात हे कळलं तर माझ्या हातात कुणी हात देणार नाही.

२० एप्रिल

सम्राटला नेसरीला फोन लावायला सांगितला. भरमाप्पा फोनवर आला. मी नुसता "भरमाण्णा" म्हणालो आणि पुढे बोलता येईना. सम्राटने फोन काढून घेतला आणि सगळं सांगितलं. पलीकडून भरमाप्पा काय म्हणाला ते सम्राट सांगत नाही. "आयकून घेतलं," एवढंच म्हणतो. मला वाटतं त्याने फोन ठेवून दिला असणार. त्याचं बरोबर आहे.

२६ एप्रिल, सोमवार

बायडाबाई नको म्हणत होती तरी वडगावला गेलो. गाडी सम्राटने चालवली. उजव्या हाताला पट्टी होती, ती बरीच म्हणायची, कुणी विचारलं तर भाजलंय म्हणून डावा हात पुढे करता आला असता. त्याने काय होणार होतं ते मला ठाऊक होतं. तरी गेलो. घरात बसलो असतो तर तिथेच संपलो असतो.

एक शेतकरी म्हैस घेऊन आला. जुना माणूस, त्याने माझ्या नावाने हाक मारली. घेणाऱ्याकडून कोण उभं राहतंय म्हणून वळून बघितलं तर भरमाप्पा. सरळ माझ्याकडे चालत येत होता. माझे पाय जागेवरच राहिले. भोवती माणसं जमायला लागली, कारण आमचं भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं.

मी डावा हात पुढे केला. भरमाप्पाने खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या हाताकडे बघितलं, आणि टॉवेल झटकून परत खांद्यावर टाकला.

"न्हाय पिराजी," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "माझी बोटं मेली. त्या बाजाराला म्या चुकीची दाबली, तुजी चूक नव्हती. म्हातारा झालो. आता म्या तोंडानंच भाव बोलनार. ज्याला नको वाटंल त्यानं माझ्याकडं येऊ नये."

बाजार हसला. एक जण म्हणाला, "भरमाप्पा, आता चुलीपाशी बसा." दुसरा काही तरी कानडीत बोलला, त्यावर आणखी हसले. भरमाप्पा मान खाली घालून उभा होता. त्याच्या बोटांना काही झालेलं नाही. त्याच्या बोटांनी अजून म्हशीच्या कानाला नख उठेल.

मला हे सहन होईना. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. भरमाप्पाने माझ्या पायावर पाय दिला आणि जोरात दाबला. मी खाली बघितलं म्हणून मला ते कळलं.

"बारा," तो म्हणाला.

शेतकरी माझ्याकडे बघत होता. भोवतीची माणसं बघत होती. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि पुसायला एकही हात धड नव्हता. मी मोठ्याने साडेबारा म्हणालो.